यंत्राच्या पोटात कान्हूचं मीठ

पेणच्या रामवाडीत नाथाच्या घरी सलग बारा दिवस वाल शिजले नाहीत, आणि त्या बाराही दिवसांचं खापर नाथाच्या बापानं, कान्हूनं, आपल्या व्याह्याच्या माथी फोडलं.

"वालच तसले आलेत यंदा," तो ताटावर बसून म्हणायचा. "अष्टमीची जमीन थकली आता. तिला तरी काय बोलायचं!"

वर सुस्कारा सोडायचा, जसं काही जमिनीच्या तब्येतीची याला फार काळजी! शेजारी बसलेली सून शकू मान खाली घालून दाताखाली कचकचणारं बिरडं चावत राहायची, कारण ते वाल तिच्या वडिलांच्या शेतातले होते. तिचे वडील बाबाजी रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावात राहायचे. भात काढला की त्याच ओलीवर ते वाल पेरत आणि होळी झाली की लेकीच्या घरी एक गोणी पाठवत. गोदूबाई, म्हणजे कान्हूची बायको, त्या वालांचं बिरडं असं करायची की नाथा कंपनीतून शिफ्ट संपवून आला की आधी पातेल्याचं झाकण उघडायचा आणि मग चपला काढायचा. यंदा झाकण उघडायचा आणि तसंच ठेवायचा.

वाल का शिजत नाहीत, हे त्या घरात फक्त कान्हूला ठाऊक होतं. त्याचं कारण घरामागच्या पडवीत उभं होतं आणि कान्हूच त्याची राखण करत होता.

ते होतं पाणी मऊ करायचं यंत्र. नळाला पाणी येई करंगळीएवढं, म्हणून घराची सगळी भिस्त बोअरवर, आणि बोअरचं पाणी असं जड की साबणाला फेस नाही, तांब्याला पांढरा थर, डाळ शिजता शिजत नाही. म्हणून नाथानं दोन वर्षांपूर्वी ते यंत्र बसवून घेतलं. एक उंच निळं नळकांडं, त्याच्या डोक्यावर चावी, आणि शेजारी मिठाचं बुटकं पिंप. बसवायला आलेल्या काळुराम मेकॅनिकनं सगळ्यांना उभं करून समजावलं होतं. नळकांड्यात बारीक मणी आहेत, पाण्यातला चुना त्या मण्यांना चिकटतो. चार दिवसांनी मणी भरले की यंत्र पिंपातलं मिठाचं पाणी ओढतं आणि मणी धुऊन काढतं. म्हणजे पिंपात मीठ हवंच.

इथवर कान्हू खुशीत होता. जन्म गेला होता त्याचा खाडीकडच्या मिठागरावर. चाळीस वर्षं! यंत्र मिठावर चालतं म्हटल्यावर त्याला ते घरातलंच वाटायला लागलं.

तेवढ्यात काळुरामनं एक चकचकीत बॅग पुढं केली. "पण काका, मीठ हेच घालायचं हां. गुजरातचं, गोळीचं. आपल्या खाडीचं मीठ चुकूनही नको. त्यात माती फार. यंत्राचं नाक चोंदतं."

सगळ्या घरादेखत म्हणाला हो! कान्हूच्या मिठाला! त्या दिवसापासून काळुराम कान्हूच्या मनातून जो उतरला तो उतरलाच. मिठाच्या गोळ्या! मीठ काय ताप आला म्हणून घ्यायचं असतं?

तरी दोन वर्षं त्यानं गोळ्या घातल्या. नाथानं यंत्राचं काम बापावर सोपवलं होतं, आणि कान्हू ते चोख करायचा. पण फाल्गुनात बॅग संपली तेव्हा त्याच्या अंगातली जुनी खोड उसळली. तो उठला तो खाडीवर गेला. मिठागरावर आता काशीबाई बघायची, त्याच्या जुन्या सोबत्याची बायको. नवं मीठ अजून वाफ्यांत बसत होतं. गेल्या सालची, वाफ्याच्या तळाची खरवड तेवढी एका कोपऱ्यात पडली होती, काळपट, ओलसर, चिखलाच्या वासाची.

"ही कशाला नेताय, कान्हूदादा?" काशीबाई म्हणाली. "ही नारळाच्या बुडाला घालतात."

"यंत्राला हवी हाय. यंत्राला कसली चव?"

आता यात गाढवपणा बघा. चांगलं मीठ नेलं असतं तर निदान मिठाची बाजू घेतली असं तरी म्हणता आलं असतं. पण यंत्राचा राग एवढा की त्याच्या तोंडी गाळ घालायलाही याची तयारी! घरी आल्यावर त्यानं ती खरवड गुजरातच्या रिकाम्या बॅगेत भरली, म्हणजे नाथाची नजर गेली तरी बॅगेवर जाईल. बॅगेतून पिंपात मीठ ओततानाचा त्याचा चेहरा बघायला हवा होता. पोळ्याचा बैल काय मिरवेल!

महिन्याभरात यंत्राचं नाक चोंदलं.

पाणी पहिल्यासारखं जड झालं. गोदूबाईचे केस काथ्यासारखे झाले तेव्हा तिनं साबण बदलला. मग वाल शिजेनात. शकू एकदा हळूच म्हणाली, "बाबा, यंत्र तर बिघडलं नसेल ना?"

"मी रोज बघतो ना ते!" कान्हू ओरडलाच. "ठणठणीत हाय. वालच भिकार आलेत."

घरात बोललेलं घरात राहिलं असतं तर गोष्ट निराळी. पण उन्हाळ्याचे दिवस, गोदूबाई रोज दुपारी बायजाबाईच्या अंगणात पापड लाटायला जायची. तिथं दहा-बारा बायका, दहा-बारा लाटणी, आणि तोंडं मोकळी. कान्हूचं बोलणं तिनं तिथं सांगितलं, आणि तिथून रोह्याला गेलेल्या कुणीतरी ही बातमी पूल ओलांडून अष्टमीला पोचवली. बाबाजींचे वाल यंदा दगड निघाले, पेणला हसतात म्हणे!

बुधवारी बाबाजींचा फोन आला. रामराम नाही, तब्येतीची विचारपूस नाही.

"रविवारी येतो," ते म्हणाले. "वाल सोलून मीच आणतो, शिजवतोही मीच. शिजले नायत तर पुढचं मी काय ते बघीन."

पुढचं काय ते शकूनं सांगितलं. संध्याकाळी पडवीच्या पायरीवर ती कान्हूशेजारी येऊन बसली. अशी कधी बसायची नाही.

"बाबा, माझे अण्णा नीट जेवत नाहीत हो. बियाणं आजीच्या हातचं आहे. तिनं राखेत घोळवून मडक्यात ठेवलेलं, तेच दरसाल पेरतात. आता म्हणतात बियाणंच बिघडलं, माझ्याच हातून बिघडलं. रविवारी वाल शिजले नाहीत तर मडकं गुरांपुढं ओतणार आणि वाल पेरायचे बंद करणार."

कान्हूला ठसका लागला. तो पाणी प्यायला उठला. आपल्या हातच्या मालाला कुणी नावं ठेवली की कसं लागतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? काळुरामच्या एका वाक्यावर तो दोन वर्षं जळत होता. आणि इथं बाबाजी, साधा माणूस, इतके दिवस तेच सोसत होता. तेही खोट्यानं, आणि याच्यामुळं! लाज वाटली त्याला. अगदी कानाच्या पाळ्या तापल्या.

पण लाज वाटणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. कबूल करायला तोंड उघडणार, तेवढ्यात नाथा आतून म्हणाला, "काळुरामला पण बोलावलंय मी. रविवारी येतो म्हणाला. यंत्र खोलून बघेल."

झालं! काळुराम पिंप उघडणार, तळाचा चिखल काढणार, आणि सगळ्यांसमोर म्हणणार, मी सांगितलं नव्हतं? कान्हूनं उघडलेलं तोंड मिटलं. यंत्र त्याआधीच सुधारायचं, तेही कुणाला न कळता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दुपारी होत्या हातात.

गुरुवारी गोदूबाई पापडांना आणि शकू बालवाडीवर शिकवायला गेली तसा कान्हूनं धोतर खोचलं. पिंपाचं झाकण काढलं. वर मिठाचा टणक पापुद्रा, आणि तो झाडूच्या दांड्यानं फोडला तर खाली पोकळी. तिच्याखाली पाणी, पाण्याखाली वीतभर काळा गाळ. खाडीचा वास पडवीभर सुटला. एरवी या वासानं त्याला बरं वाटायचं.

तांब्या तांब्यानं त्यानं पिंप उपसलं. खारं पाणी झाडांना घालायची सोय नाही, घातलं तर गोदूबाईची अबोली जागीच मरायची, म्हणून एकेक बादली गटारापर्यंत वाहून नेली. पिंप काथ्यानं घासलं. मग वळला यंत्राच्या डोक्याकडे. यंत्राबरोबर आलेली चोपडी इंग्रजीत होती, पण चित्रं कुणालाही कळावीत अशी. मिठाचं पाणी ओढायचं नाक कुठं असतं ते चित्रात बाणानं दाखवलेलं. चार स्क्रू, वर टोपी, आत नाक. कान्हूनं पहिला स्क्रू काढला, दुसरा काढला, आणि तिसऱ्याला हात घातला तसा आतल्या पाण्यानं फाडकन त्याच्या तोंडावर फवारा मारला. पागोट्यापासून धोतरापर्यंत भिजला बिचारा. आधी पाण्याची चावी फिरवून आतला जोर काढायचा, हे पहिल्याच चित्रात होतं. पण पहिलं चित्र बघतो कोण!

नेमकी तेव्हाच गोदूबाई मागच्या दारातून आली. पोळपाट विसरली होती.

"काय चाललंय हो?"

"काय नाय. पाय धूत होतो."

तिनं त्याच्या डोक्यावरून निथळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. "वरून सुरुवात केलीत काय?" एवढं म्हणाली, पोळपाट घेतला आणि गेली. तिला काय कळलं आणि काय नाही, हे कान्हूला चाळीस वर्षांत कधी सांगता आलं नव्हतं, तर आज काय येणार!

नाक हातात आलं तेव्हा त्याला हसूच फुटलं. बोटाच्या पेराएवढं प्लास्टिक, त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि पुढं बारीक जाळी. भोक आणि जाळी दोन्ही गाळानं लिंपलेली. त्यानं गोदूबाईच्या डब्यातली सुई आणली, पण चित्रात सुईवर भली मोठी फुली होती. भोक मोठं झालं की नाक कामातून गेलं. मग लिंबाच्या पाण्यात अर्धा तास भिजवलं आणि जुन्या दाताच्या ब्रशनं हळू हळू घासलं. उजेडाकडे धरलं तर भोकातून समोरची भिंत दिसली. सगळं जोडून, स्क्रू आवळून उठला, तर लादीवर एक काळी रबरी रिंग! यंत्र जोडून झाल्यावर एखादा भाग उरला की माणसाला कसा घाम फुटतो ते ज्याचं त्याला ठाऊक. पुन्हा चार स्क्रू. या खेपेला पाणी आधी बंद केलं.

आता प्रश्न मिठाचा. पेणच्या बाजारात गोळीचं मीठ मिळत होतं. शहाण्या माणसानं एक बॅग आणली असती आणि विषय मिटवला असता. पण कान्हूला शहाणा म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. शुक्रवारी सकाळीच तो पुन्हा खाडीवर हजर.

या वेळी त्यानं काशीबाईकडून नव्या मिठातलं वरचं, पांढरं मीठ मागून घेतलं. ते टोपलीत भरलं आणि वाफ्यातल्या दाट खाऱ्या पाण्यात उभा राहून धुवायला लागला. असं मुरलेलं खारं पाणी मिठाला विरघळवत नाही, माती तेवढी सोडवून नेतं. साध्या पाण्यात धुतलं असतं तर रिकामी टोपली घेऊन घरी यावं लागलं असतं. एकदा धुतलं, निथळलं. दोनदा धुतलं. तिसऱ्यांदा धुतलं तेव्हा काशीबाई बांधावर येऊन बसली.

"देवाच्या नैवेद्याला हाय काय हो, दादा?"

"यंत्राला हाय."

"मागं तर म्हणालात..."

"मागं म्हणालो ते मागं म्हणालो. गप बस गो!"

काशीबाई पदर तोंडाला लावून हसत राहिली. कान्हूनं मीठ ताडपत्रीवर पसरलं, दिवसभर उन्हात खालीवर केलं आणि खडा न् खडा वाळला तेव्हा पोत्यात भरलं. गुडघे बोलत होते, पण किती वर्षांनी त्याच्या हातात पुन्हा काम होतं. बरं वाटलं त्याला.

शनिवारी दुपारी मीठ पिंपात गेलं. वर पाणी घालून दोन तास मुरू दिलं आणि मग कान्हूनं चित्रात बघून चावी धुण्यावर फिरवली. यंत्र घुरघुरलं. कान्हू पिंपात डोकं घालून बसला. पाण्याच्या कडेला खडूनं रेघ मारली होती. पाच मिनिटं झाली, पाणी रेघेवरच. दहा मिनिटं झाली. मग रेघ बोटभर वर दिसायला लागली, मग दोन बोटं. यंत्र मीठ पीत होतं! म्हातारा एकटाच पडवीत टाळ्या वाजवायला लागला. मणी नीट धुऊन निघावेत म्हणून त्यानं संध्याकाळी पुन्हा एकदा धुणं लावलं, मग बाटलीत पाणी आणि साबणाचा चुरा घालून हलवलं. फेस बुचापर्यंत आला.

रविवारी दहाच्या एसटीनं बाबाजी आले. हातात सोललेल्या वालांचा डबा, तोंडावर बारा वाजलेले. चहा नको, बसणं नको, तडक स्वयंपाकघरात. गोदूबाईनं नळाचं पाणी भरून दिलं, त्यांनी फोडणी दिली, वाल टाकले, झाकणावर पाणी ठेवलं आणि चुलत्याच्या मयताला आल्यासारखे ओट्याशी उभे राहिले. शकू दाराला टेकून होती. तेवढ्यात काळुरामही आला आणि मागं यंत्राकडे गेला.

बाबाजींनी झाकण काढलं. एक वाल पळीत घेऊन फुंकर मारली, दोन बोटांत धरला. चेपला की हो! लोण्यासारखा चेपला. दुसरा घेतला, तोही तसाच.

"शिजले," ते म्हणाले, आणि एकदम खाली पाटावर बसले. शकूनं डोळ्यांना पदर लावला. "मंग बारा दिवस काय झालतं?"

कान्हूनं छताकडे पाहिलं.

"माझीच घाई नडली असेल," गोदूबाई म्हणाली. "भिजवायला कमी पडले असतील."

सुटला! बाबाजींचं नाव राहिलं, बियाण्याचं मडकं वाचलं, आणि कान्हूवर कुणाचं बोट नाही. घोडं गंगेत न्हालं म्हणायचं. त्यानं इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला, आणि पडवीतून काळुराम मूठभर मीठ घेऊन आला.

"नाथाभाऊ, यंत्राला काही झालेलं नाही. एकदम चोख. पण हे मीठ कुठलं? गोळी नाही, तरी मातीचा कण नाही. इतकं स्वच्छ मीठ मी तर पिंपात बघितलं नाही कधी."

कान्हूच्या छातीत काहीतरी उड्या मारायला लागलं. त्यानं ओठ आवळले.

"बॅगेवर असेल की," नाथा म्हणाला. कोपऱ्यातली बॅग उचलून त्यानं वाचलं. "गुजरातचं दिसतंय."

"तरीच!" काळुराम म्हणाला. "मीठ करावं तर त्यांनीच. आपल्या खाडीच्या लोकांना कुठलं जमतंय असलं?"

गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं! पण उकळत्या दुधावर झाकण किती वेळ राहणार?

"गुजरातचं तुझ्या बापानं आणलंतं काय रे?" कान्हू काळुरामवर गरजला. "माझं हाय ते! आपल्या खाडीचं! या हातांनी परवा तीनदा धुतलंय, वाळवलंय! बोलतोय मोठा!"

नाथानं हातातली बॅग खाली ठेवली.

"परवा?" नाथानं विचारलं. "मग त्याच्या आधी पिंपात काय होतं, बाबा?"

आता पळायला जागा नव्हती. कान्हूनं सांगितलं. खरवड सांगितली, बॅग सांगितली, गाळ सांगितला, फवारासुद्धा सांगितला. सांगताना त्याला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. शेवटी बाबाजींपुढं हात जोडले. "व्याहीबुवा, तुमच्या वालांत काय खोट नव्हती. मला ठाऊक होतं. तरी बोललो."

बाबाजी उठले. "मी आईच्या बियाण्याला शिव्या घातल्या! इतके दिवस! तुमच्यामुळं!"

"व्हय."

"चपला घाला."

"कुठं?"

"जिथून माझं नाव गावभर झालं तिथं. गावाला कळू दे."

रविवार असला तरी बायजाबाईच्या अंगणात पापड चालूच होते. पुढं कान्हू, मागं बिरड्याचं पातेलं घेतलेले बाबाजी, त्यांच्या मागं सगळं घर, आणि मजा बघायला काळुराम. अंगणातली लाटणी एकेक करून थांबली. अकरा बायका तोंडाकडे बघायला लागल्या.

कान्हूनं बाबाजींकडे बोट केलं. "ह्यांचे वाल चांगले होते," तो म्हणाला. पुढचं वाक्य काही केल्या जिभेवर येईना. ते वाक्य त्यानं चाळीस वर्षं कुणाला तोंडातून काढू दिलं नव्हतं, त्यापायी मिठागरावर मारामाऱ्या केल्या होत्या. "माझं मीठ वाईट होतं."

एक बाई फिस्सकन हसली. मग कुणीच हसलं नाही. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

बाबाजींनी पातेलं खाली ठेवलं. मग घसा खाकरून, जरा घुश्शातच म्हणाले, "आज घातलंय ते चांगलं हाय. तेही सांगा की."

कान्हू नुसता मान हलवत राहिला. मग बाबाजींनीच पुढं होऊन बायकांना ते सांगितलं.